एरर, चूक आणि अपराध

दिवाळी अंकासाठी काही टीकात्मक लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी आमच्या गावच्या रेशन दुकानापुढे रांगेत उभी होते. पत्र म्हणजे मोबाइलवरचा निरोप. पण जुन्या सवयीने त्याला पत्रच म्हणू या. माझ्यापुढे आमच्या शाळेतल्या एका मुलीची आजी होती. दुकानदाराने यंत्र पुढे केले. आजीने त्यावर अंगठा टेकला. यंत्र चिवचिवले. पुन्हा टेकला, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "आजी, एरर येतोय." ओळख पटल्याखेरीज यंत्र पावती देत नाही आणि पावतीवाचून तांदूळ नाही. आजीने अंगठा पदराला पुसला आणि मागे वळून मला विचारले, "एरर म्हंजे काय गो बाय?"

"चूक," मी म्हटले.

"आन ती कुनाची?"

मला काही उत्तर सुचले नाही. जन्मभर भात लावून, गवत कापून, शेणी थापून तो अंगठा गुळगुळीत झाला होता. त्याच्यावरच्या रेषा केव्हाच शेतात राहिल्या होत्या. शेवटी दुसऱ्या हाताच्या बोटाने काम भागले आणि आजी पिशवी उचलून निघून गेली. तिचा प्रश्न मात्र ती माझ्यापाशी ठेवून गेली. असाच प्रश्न याच आजीने मला पूर्वीही एकदा विचारला होता, तोही माझ्याच एका कादंबरीविषयी. ती हकिकत पुढे सांगेन. आधी शब्दाचे पाहू.

वाचकांना सुरुवातीलाच सांगितलेले बरे, की मी पंडिता नव्हे. मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी, एवढेच माझे शिक्षण. शाळेत मुलांना मराठी शिकवते आणि चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. इंग्रजी मी शब्दकोशाचे बोट धरून शिकले. ज्याने इंग्रजी कॉलेजात शिकले, त्याला शब्दाचा अर्थ वाक्यातून आपोआप कळतो; माझ्यासारखीला तो कोशातून उकरून काढावा लागतो. त्याचा एक फायदा असा, की उकरताना शब्दाची मुळेही हाती लागतात.

'एरर' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमधले क्रियापद 'एरारे'. त्याचा अर्थ भटकणे. वाट सोडून हिंडणे, इकडून तिकडे फिरणे. चुकणे हा त्याचाच दुसरा अर्थ. आकाशातल्या ताऱ्यांत जे एका जागी न राहता फिरत असतात, त्यांना रोमन लोक हेच विशेषण लावीत: भटके तारे. ग्रीकांचा 'प्लॅनेट' हा शब्दही भटक्याच. (आपण मात्र त्यांना ग्रह म्हणतो, म्हणजे पकडणारे. ते भटकत नाहीत, आपल्याला धरून ठेवतात! शनीच्या साडेसातीत सापडलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.) डॉ. जॉन्सनने 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, त्यातही या शब्दाखाली चूक, पाप वगैरे अर्थांच्या सोबतीला भटकंतीचा अर्थ नोंदलेला आहे. आज तो अर्थ पुसला गेला. यंत्रावर 'एरर' दिसतो तेव्हा कोणी भटकले आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

पण इंग्रजी कवींच्या मनात तो पुष्कळ काळ जिवंत होता. स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन' या काव्याचा पहिला भाग 1590 साली निघाला. त्याच्या अगदी आरंभी एक वीर आणि त्याची सोबतीण पावसापासून आडोसा म्हणून एका रानात शिरतात. झाडे पाहता पाहता रस्ता हरवतो. ज्या वाटेवर पावले सर्वांत जास्त उमटलेली दिसतात तीच धरून ते चालू लागतात, आणि ती वाट त्यांना एका गुहेशी नेऊन सोडते. गुहेत एक राक्षसीण बसलेली आहे: अर्धे अंग बाईचे, अर्धे सापाचे. तिचे नावच एरर. वीर तिचा गळा आवळतो तेव्हा तिच्या तोंडातून जे घाण ओकले जाते त्यात पुस्तके आणि कागद असतात. कादंबरी लिहिणाऱ्या बाईने हा भाग रात्री निजण्यापूर्वी वाचू नये.

याच्या अगदी उलट मिल्टन. त्याचे 'पॅरडाइज लॉस्ट' 1667 साली छापले गेले. त्याच्या चौथ्या सर्गात नंदनवनाचे वर्णन आहे. आदम आणि ईव्ह यांनी अजून फळ खाल्लेले नाही, जगात अजून पाप आलेले नाही, आणि त्या वनातून वाहणारे झरे झाडांच्या सावलीखालून वळणे घेत चालले आहेत. त्या वळणांना मिल्टन 'एरर' म्हणतो. नुसते नागमोडी वाहणे, बाकी काही नाही. टीकाकारांनी या जागेवर पुष्कळ लिहिले आहे. वाचणाऱ्याला पुढचे ठाऊक असते, म्हणून तो शब्द ऐकताच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. पण नदी बिचारी निष्पाप असते. वाकडे जाणे म्हणजे वाईट जाणे नव्हे, हे त्या एका शब्दात आहे. मला स्वतःला स्पेन्सरच्या राक्षसिणीपेक्षा मिल्टनचा झरा अधिक खरा वाटतो.

आता आपल्याकडे या. संस्कृतात 'भ्रम्' हा धातू आहे. भ्रमण म्हणजे फिरणे आणि भ्रम म्हणजे चुकीचे ज्ञान, दोन्ही त्याच्यातूनच. म्हणजे रोमन माणसाने जे केले तेच आपल्या पूर्वजांनीही केले: पायाचे भटकणे आणि बुद्धीचे भटकणे यांना एकच शब्द दिला. फरक थोडासा आहे. लॅटिन शब्दात सरळ रानोमाळ जाणे आहे. आपल्या 'भ्रम्'मध्ये गरगर फिरणेही आहे, कुंभाराच्या चाकासारखे. आमच्या कोकणात सड्यावर चकवा लागतो म्हणतात. लहानपणी श्रावणात एकदा शाळेतून परतताना धुके उतरले आणि मी दोन तास चालत राहिले. तीन वेळा त्याच एका दगडांच्या ढिगाशी येऊन पोहोचले. मी चालत होते सरळच. आजही 'भ्रम' हा शब्द फळ्यावर लिहिताना मला तो दगडांचा ढीग दिसतो.

आणि म्हणूनच शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स' या नाटकाला ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालीत जे नाव दिले, त्याला माझ्या मते तोड नाही. 'भ्रांतिविलास', 1869. एरर म्हणजे भ्रांती. इथे विद्यासागरांनी 'प्रमाद' किंवा 'दोष' असा काही शब्द घातला असता तर शब्दकोशाच्या हिशेबाने तो चाललाही असता, पण नाटक मेले असते. कारण त्या नाटकात दोषी कोणी नाहीच. वादळात जहाज फुटते, जुळे भाऊ आणि त्यांचे जुळे नोकर यांची ताटातूट होते. पुढे एक भाऊ दुसऱ्याला शोधीत गावोगाव हिंडत ज्या शहरात येतो तिथेच दुसरा संसार थाटून बसलेला असतो. बायको नवऱ्याला घराबाहेर ठेवते आणि दिराला जेवू घालते, सोनार एकाची साखळी दुसऱ्याच्या हाती देतो, मार खातात ते नोकर. प्रत्येक जण आपल्या डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवतो, आणि डोळे चोख काम करीत असतात. 1623 सालच्या छापील प्रतीत या हिंडणाऱ्या भावाच्या नावाला जोडून एक विचित्र, बहुधा छापताना बिघडलेला शब्द आला आहे; तो मुळात 'भटका' अशा अर्थाचा लॅटिन शब्द असावा असे अभ्यासक मानतात. म्हणजे शेक्सपिअरच्या डोक्यातही शीर्षकातला एरर हा आधी पायांचा होता.

विद्यासागरांनी नाटकाची गोष्ट केली, शहरांना जयस्थल आणि हेमकूट अशी नावे दिली, आणि भावांना चिरंजीव व नोकरांना किंकर केले. मराठीतही एकोणिसाव्या शतकात हे नाटक 'भ्रांतिकृत चमत्कार' या नावाने आले. भ्रांती तीच, पण 'चमत्कार' म्हटल्याने तीतली गंमत जरा जड होते. आमच्या पिढीने हीच कथा 'अंगूर' या 1982 सालच्या हिंदी चित्रपटात पाहिली आणि पोट धरून हसलो. संजीव कुमार आणि देवेन वर्मा यांच्या दोन-दोन जोड्यांना कोणी शेक्सपिअरच्या म्हणून पाहिले असेल-नसेल.

'विलास' या शब्दावरून आगरकर आठवतात. त्यांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर केले, 1883 साली, त्याचे नाव 'विकारविलसित'. तोच विलस् धातू. एका नाटकात भ्रांतीचा खेळ, दुसऱ्यात विकाराचा. एकोणिसाव्या शतकातली ही दोन मोठी माणसे, शीर्षकाच्या एका शब्दात त्यांनी आपली सगळी टीका सांगून टाकली आहे. विद्यासागर म्हणतात, माणसे भटकतात म्हणून गोंधळ होतो. आगरकर म्हणतात, मनात विकार उठतो म्हणून घात होतो. पहिल्यात कोणाला शिक्षा द्यावी असे वाटत नाही. दुसऱ्यात द्यावीशी वाटते, निदान कारण तरी माणसाच्या आत शोधावेसे वाटते. आणि इथेच माझी स्वतःची वाट चुकली.

पण त्याआधी आपला साधा 'चूक' हा शब्द राहिला. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात 'भ्रंश्', म्हणजे घसरून खाली पडणे, निसटणे, या संस्कृत धातूच्या जागी प्राकृतात कोणती रूपे येतात त्यांची यादी आहे, आणि तिच्यात 'चुक्क' आणि 'भुल्ल' हे दोघे अगदी शेजारी बसले आहेत. चूक आणि भूल! आमचे व्यापारी बिलाच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहितात, ती जोडी निदान आठशे वर्षे तरी एका ओळीत नांदते आहे. आणि त्या वाक्यातली उदारता पाहा. इंग्रज व्यापारी त्या जागी लिहितो, की चुका आणि गळती वगळून. तो त्यांना हिशेबाबाहेर काढतो. आपण त्या देतो आणि घेतो.

या 'चुकणे'ने मराठीत केवढा संसार केला! वाट चुकते, नेम चुकतो, हिशेब चुकतो. गाडी चुकते, यात्रेत पोर चुकते. नजर चुकवतात, कर चुकवतात. देणे चुकते करतात तेव्हा तर चूक उरतच नाही. जन्माला आलेल्याला मरण चुकत नाही. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना विचारते, "मी चुकलो" आणि "माझं चुकलं" यांत काय फरक? पहिल्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात कर्ताच नाही. काहीतरी माझ्या बाबतीत निसटले, एवढेच. क्षमा मागताना आपण बहुधा दुसरे वाक्य वापरतो. एका मुलाने उत्तर दिले, "बाई, मार चुकवायचा असला की दुसरं." त्याला मी पूर्ण गुण दिले.

आता माझी हकिकत. माझ्या दुसऱ्या कादंबरीची नायिका खाडीपलीकडच्या गावातली एक शिवणकाम करणारी बाई. एका संध्याकाळी ती नेहमीची तर सोडून दुसऱ्या तरीने निघते, एवढ्यावरून पुढचे सगळे घडते आणि शेवटी तिचे घर जाते, मूल जाते. पुस्तकाचे एक परीक्षण आले. परीक्षक विद्वान होते आणि त्यांनी लिहिले सौजन्यानेच, पण लिहिले असे, की नायिकेच्या नाशाचे बीज तिच्या स्वभावात नाही. शोकांतिकेला नायकाच्या ठिकाणी एक दोष लागतो, तो इथे नाही, म्हणून ही शोकांतिका नसून केवळ अपघात आहे. मी मॅट्रिक. मी घाबरले. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी एक नवे प्रकरण लिहून त्यात तिला मानी केले, शेजारणीशी अबोला धरायला लावला, आणि त्या अबोल्यापायी ती दुसऱ्या तरीने गेली असे दाखवले.

रेशनच्या रांगेतल्या त्या आजीला वाचता येत नाही. तिच्या नातीने तिला दोन्ही आवृत्त्या वाचून दाखवल्या. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी आजीने मला गाठले. म्हणाली, "आधीच्या पुस्तकात तिचं कायबी चुकलं नव्हतं गो बाय. आता कशाला चुकवलंस तिला?"

या प्रश्नापायी मी ॲरिस्टॉटलकडे गेले. मूळ ग्रीक मला कुठले येणार, विंदा करंदीकरांच्या 1957 सालच्या 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र'मधून आणि पुन्हा कोशांतून. ज्याला परीक्षकांनी दोष म्हटले, त्याच्या जागी ग्रीक शब्द आहे 'हमार्तिया'. त्याचे क्रियापद मुळात धनुर्धाऱ्याचे: बाण निशाणावर न लागणे. नेम चुकणे. स्वभावातला दोष हा अर्थ त्याला पुढच्या लोकांनी चिकटवला. ईडिपस तीन रस्ते मिळतात तिथे एका म्हाताऱ्याला मारतो. तो संतापी होता, हे खरे. पण त्याचा घात संतापाने झाला नाही. तो म्हातारा आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून झाला. बाण त्याने शत्रूवर सोडला आणि लागला भलतीकडे. दोषच शोधायचा तर कोणत्याही माणसात सापडतो. मग दोष असलेल्या इतक्या माणसांतून नाश याचाच का, हा प्रश्न उरतोच, आणि 'दोष' म्हणणारा टीकाकार तो प्रश्न न सोडवता झाकून ठेवतो.

आणि मग मला आपल्या 'अपराध' शब्दाचे मूळ सापडले. त्या रात्री मला झोप आली नाही. अपराध म्हटले की आपल्याला न्यायालय दिसते, गुन्हेगार दिसतो. पण 'राध्' म्हणजे साधणे, सिद्ध होणे. 'अप' म्हणजे दूर. न साधणे, हुकणे. अमरकोशात ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळतो अशा धनुर्धाऱ्याला खास शब्द दिला आहे: अपराद्धपृषत्क. ज्याचा बाण अपराधी, तो. ग्रीकांच्या हमार्तियाचा हा सख्खा भाऊ आपल्या घरात इतकी शतके बसला होता आणि आम्ही त्याला बेड्या घालून ठेवले होते!

तेव्हा मी 'शाकुंतल' पुन्हा उघडले. चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वास दाराशी येतो, शकुंतलेला त्याची हाक ऐकू जात नाही आणि तो शाप देतो. बाहेर फुले वेचणाऱ्या मैत्रिणींना आवाज ऐकू येतो, आणि प्रियंवदा जे बोलते त्याच्या संस्कृत छायेत शकुंतलेसाठी दोन विशेषणे आहेत: एक 'अपराद्धा' आणि दुसरे 'शून्यहृदया'. वर्गात हे शिकवताना आपण सहज सांगून टाकतो, की अतिथीचा अपमान हा शकुंतलेचा दोष. प्रियंवदा तसे म्हणत नाही. ती मैत्रीण आहे, तिला ठाऊक आहे की हिचे मन इथे नाही, हस्तिनापुराला गेले आहे. मन दूर हिंडते आहे आणि म्हणून इथला नेम हुकला. एरर आणि हमार्तिया, भटकणे आणि हुकणे, दोन्ही त्या एका वाक्यात शेजारी शेजारी उभी आहेत. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत हा शाप नाहीच. तिथे राजा तिला जाणूनबुजून नाकारतो. शापाची योजना कालिदासाची. ती दुष्यंताला सांभाळून घेण्यासाठी केली असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. राजाचा अपराध भूल होऊन जातो. माझी तक्रार एवढीच, की राजाला शापाची ढाल मिळाल्यावरही आपण शकुंतलेच्या पदरात तिचा दोष शोधत राहतो. कालिदासाने तो घातलेला नाही. मी मात्र माझ्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पदरात घातला, आणि तोही छापून आलेल्या दीड पानाला भिऊन.

परीक्षकांवर माझा राग नाही. शोकांतिकेत दोष हवा, हे त्यांना जिथे शिकवले तिथे तसेच शिकवत असतील. पण अपघात आणि शोकांतिका यांच्यातली रेघ त्यांनी काढली तिथे नाही, असे मला आता वाटते. बाई दुसऱ्या तरीने गेली ती त्या दिवशी तिचे कापड त्या गावात द्यायचे होते म्हणून. तिने केले ते शहाणपणाचेच होते, आणि तेच तिला बुडवून गेले. शहाण्या कृतीतून नाश निघतो तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात जो खड्डा पडतो, तो मानी बाईच्या नाशाने पडत नाही. मानी बाईचे ऐकून माणूस म्हणतो, हे व्हायचेच होते, आणि निवांत जेवायला बसतो.

तिसऱ्या आवृत्तीची मुद्रिते सध्या माझ्या टेबलावर आहेत. ते प्रकरण मी काढून टाकले आहे. त्यामुळे पृष्ठांक बदलले आणि प्रकरणांचे अनुक्रम एकाने मागे आले. मुद्रकाचा काल फोन आला, की दुसरी आवृत्ती ज्यांच्याजवळ आहे ते विचारतील, तेव्हा शुद्धिपत्रात काही लिहायचे का? इंग्रजीत त्या कागदाला 'एराटा' म्हणतात, भटकलेल्या गोष्टींची यादी. आपण त्याला शुद्धिपत्र म्हणतो, जणू काही विटाळ झाला होता. मी मुद्रकाला दोन दिवस थांबायला सांगितले आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आजीकडे जायचे आहे. नवे पुस्तक अजून आलेले नाही, पण नात म्हणाली की मुद्रितांवरूनच वाचून दाखवते.